फ्रेंच हद्दीत पोंगल

मावशी १९७७ साली पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊन दोन वर्षं फ्रेंच शिकली. पुढे बँकेतली नोकरी, लग्न, मुलं. त्या भाषेत बोलायला माणूस काही मिळाला नाही. वही मात्र तिने जपून ठेवली. यंदा तिला अडुसष्टावं लागलं आणि दिवाळीत ती म्हणाली, "मला पाँडिचेरी बघायचीय. तू बरोबर चल." जानेवारीतली रजा मिळाली ती नेमकी संक्रांतीच्या आठवड्यात, म्हणजे तिकडे पोंगल. घरी हळदीकुंकू होणार नाही याची रुखरुख नको म्हणून मावशीने तिळाच्या वड्यांचा डबाच बॅगेत घातला.

चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने एरवी तीन-साडेतीन तास लागतात. सणाला गावी निघालेल्या गर्दीत आम्हाला साडेपाच लागले. रात्री अकराला पोचलो तर समुद्राजवळच्या जुन्या फ्रेंच वाड्यात महिन्यापूर्वी ठरवलेली खोली दुसऱ्यांना देऊन टाकलेली. पैसे परत मिळाले, पण झोपायचं कुठे? आमच्या रिक्षावाल्या अण्णांनी दोन-तीन फोन केले आणि कालव्याच्या पलीकडे, तमिळ भागातल्या एका घरी नेऊन सोडलं.

दार उघडलं ते पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी. आम्हाला तमिळ येत नाही, त्यांना हिंदी येत नाही, आणि रात्रीच्या त्या वेळी दोन्हीकडच्या इंग्रजीला शब्द सापडेनात. आणि मावशी एकदम म्हणाली, "बाँस्वार, मादाम." पुढचं वाक्य जुळवता जुळवता ती थांबली. बाईंनी ते पुरं केलं, फ्रेंचमध्येच. उंबऱ्यावर उभ्या उभ्या दोघी दहा मिनिटं बोलत होत्या. मी सामान धरून मावशीच्या चेहऱ्याकडे बघत होते. एकोणपन्नास वर्षांनी तिची फ्रेंच कुणालातरी कळली होती.

दिवस पहिला: भोगी

पहाटे पाचला ढोलक्यांच्या आवाजाने जाग आली. खाली गल्लीत पोरं लहान ढोलकी बडवत होती आणि घराघरासमोर जुन्या चटया, मोडके केरसुणे, फाटक्या टोपल्या जळत होत्या. आपल्याकडे भोगीला बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी, इकडे घरातलं जुनं काढून जाळायचं. धूर इतका की समोरचं घर दिसेना. दम्याचा त्रास असेल त्यांनी त्या पहाटे खिडक्या लावूनच घ्याव्यात.

उजाडल्यावर घर नीट दिसलं. रस्त्याला लागून खांबांवर तोललेली पडवी, तिच्यात वाटसरूला टेकता येईल असा ओटा. त्याला तिण्णै म्हणतात. आत चौक, चौकाभोवती खोल्या, वर मंगलोरी कौलं. कोकणातून नाहीतर वाईतून आलेल्या माणसाला हे घर परकं वाटत नाही. घरमालकीणबाईंना आम्ही पहिल्याच सकाळी पाट्टी म्हणायला लागलो. तमिळमध्ये पाट्टी म्हणजे आजी. त्या सेंट जोसेफच्या नन्सच्या शाळेत फ्रेंचमध्ये शिकल्या. यजमान फ्रेंच सैन्यात होते. १९६२ साली इथल्या लोकांना फ्रेंच नागरिकत्व घ्यायचं की भारतीय, हे ठरवायला सहा महिन्यांची मुदत दिली होती. पाट्टींच्या वडिलांनी फ्रेंच घेतलं, काकांनी भारतीय. एकाच चौकात वाढलेली चुलत भावंडं दोन देशांची झाली. पाट्टी आजही फ्रान्सच्या निवडणुकीत इथूनच मत देतात, आणि कपाळाला कुंकू लावून रोज पहाटे दारात कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढतात.

नाश्त्याला इडली होती, तिच्याशेजारी बेकरीतला लांबोडका फ्रेंच पावही, ज्याला 'बागेत' म्हणतात. पाट्टींनी पाव सांबारात बुडवून खाल्ला, आम्हीही. छान लागतो.

दिवसभर चालत फिरलो, कारण गाव तेवढंच आहे. मधोमध कालवा. त्याच्या पूर्वेला समुद्राकडे फ्रेंचांचं गाव, पश्चिमेला तमिळ लोकांचं. पूर्वेकडच्या गल्ल्या सरळ रेषेत आखलेल्या, पिवळ्या भिंतींना पांढऱ्या कडा, वर लटकणारी बोगनवेल, निळ्या पाट्यांवर फ्रेंच आणि तमिळ अशी दोन नावं. १७६१ मध्ये इंग्रजांनी हे गाव जिंकलं आणि पार पाडून टाकलं. आज दिसतं ते बहुतेक सगळं त्यानंतर पुन्हा उभं केलेलं. द्यूमा रस्त्यावर १८५५ सालचं गुलाबी चर्च आहे, नोत्र दाम दे झांज. तिथल्या गिलाव्यात अंड्याचा पांढरा बलक घातला होता असं सांगतात, आणि आतल्या खांबाला हात लावला तर संगमरवरासारखा गुळगुळीत लागतो. फोटो काढणाऱ्यांची रांग बाहेरच्या भिंतीपाशी होती. आत आम्ही दोघी आणि फुलं बदलणारी एक मुलगी, एवढीच माणसं.

दुपारी पुन्हा कालवा ओलांडून ईश्वरन धर्मराजा कोविल रस्त्यावर सुब्रह्मण्य भारतींचं घर बघायला गेलो. माझ्यासाठी हे घर म्हणजे या सगळ्या प्रवासाचं मूळ. भारती हे तमिळचे महाकवी आणि टिळकांचे कट्टर अनुयायी. १९०८ मध्ये त्यांचं 'इंडिया' हे साप्ताहिक सरकारच्या डोळ्यांवर आलं. मद्रासला अटक होणार असं दिसताच ते इथे निघून आले, कारण इथे इंग्रजांचा वॉरंट चालत नव्हता. दहा वर्षं राहिले. एप्रिल १९१० मध्ये अरविंद घोष आले. त्याच साली व. वे. सु. अय्यर आले, लंडनच्या इंडिया हाउसमधले सावरकरांचे जवळचे सहकारी.

आणि त्याच साली, ८ जुलै १९१० ला, सावरकरांनी मार्सेयच्या बंदरात बोटीवरून उडी टाकली. पोहून ते फ्रान्सच्या भूमीवर पोचलेही. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केलं. शाळेत ही गोष्ट आपण सगळेच शिकलो. भारतींच्या माडीवर, त्या हिरव्या खिडकीशी उभी असताना मला ती पहिल्यांदा पुरती कळली. फ्रेंच हद्द म्हणजे काय, हे ठाऊक असलेले त्यांचे सोबती त्याच वर्षी या गल्ल्यांत मोकळे फिरत होते. मावशीला हे सांगितलं तर ती बराच वेळ बोलली नाही. नंतर म्हणाली, "काही पावलांचा फरक गं."

भारतींच्या बाबतीतही हद्द तेवढीच कठोर निघाली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते ब्रिटिश मुलखात परतायला निघाले, तेव्हा कडलूरजवळच पकडले गेले. हे अंतर पंचवीसेक किलोमीटरचं.

(गांधी पुतळ्यासमोरचा समुद्रकाठचा रस्ता संध्याकाळपासून सकाळपर्यंत वाहनांना बंद असतो. जायचं तर तेव्हाच. वाळूचा मोठा किनारा मनात धरून जाऊ नका. बहुतेक ठिकाणी काळ्या दगडांचा बांध आहे, आणि त्यावर बसून लाटा ऐकणं हाच तिथला आनंद. चिंचोळ्या कागदी पुड्यांत सुंडल मिळतं: उकडलेले वाटाणे, ओलं खोबरं, कैरीचे तुकडे.)

पुतळ्याभोवती कोरीव दगडी खांब उभे आहेत. मावशीने एका खांबावरच्या नक्षीवरून बोट फिरवलं आणि हे इथले वाटत नाहीत म्हणाली. शेजारी बसलेल्या आजोबांनी सांगितलं, "जिंजीचे." आमचा बेत परवा जिंजीच्या किल्ल्यावरच जायचा होता.

दिवस दुसरा: पोंगल

पहाटे पाट्टींची सून दारात तांदळाच्या पिठाचा कोलम काढत होती. आधी ठिपक्यांची रांग, मग एकच रेघ त्या सगळ्या ठिपक्यांना वळसे घालत, कुठेही न तुटता, निघाली तिथे परत येते. मी रांगोळी काढते, म्हणून मला वाटलं जमेल. तिसऱ्या वळणाला रेघ चुकली. तिने माझा हात धरून मागे नेला आणि कुठल्या ठिपक्याच्या कोणत्या बाजूने जायचं ते दाखवलं. चिमटीतून पीठ सोडण्याची तिची तऱ्हाच निराळी; आपण अंगठा आणि तर्जनीमध्ये धरतो, ती तर्जनी आणि मधल्या बोटावर पीठ ठेवून अंगठ्याने पुढे सारत होती.

चौकात तीन विटांची चूल, तिच्यावर गळ्याला हळदीचं ओलं रोप बांधलेलं भांडं, दोन्ही बाजूंना उसाची कांडं. सूर्य कौलांवर आला आणि दूध उतू गेलं. सगळे एका आवाजात ओरडले, "पोंगलो पोंगल!" मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या आजोळी रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर असंच दूध उतू घालवायचे. आजी गेल्यानंतर ते कुणी केलं नाही. मग त्याच भांड्यात नवे तांदूळ, मूगडाळ, गूळ, शेवटी तूप आणि काजू. केळीच्या पानावर गरम गरम वाढलं.

मावशीने वड्यांचा डबा उघडला. "तिळगूळ घ्या, गोड बोला" हे फ्रेंचमध्ये कसं सांगायचं यावर ती थोडा विचार करत राहिली. सांगितल्यावर पाट्टींनी वडी दोन्ही हातांनी घेतली आणि घरातल्या प्रत्येकाला ते वाक्य तमिळमध्ये समजावून दिलं.

दुपारी अरविंद आश्रम. सणामुळे गर्दी होती, पण समाधीपाशी टाचणी पडली तर ऐकू यावी इतकी शांतता. अंगणातल्या झाडाखाली फुलांनी झाकलेली समाधी, भोवती डोकं टेकून बसलेली माणसं. मराठी वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगते: पाँडिचेरीला येण्याच्या दोन वर्षं आधी बडोद्यात अरविंदांना ध्यानाची दिशा दाखवली ती विष्णु भास्कर लेले या मराठी योग्यांनी. (आत फोन बंद, चपला बाहेर, फोटो नाही. तीन वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत.)

मणक्कुळ विनायगर जवळच आहे. फ्रेंचांच्या आधीपासूनचं गणपतीचं देऊळ. दारातली लक्ष्मी हत्तीण नोव्हेंबर २०२२ मध्ये गेली. जिथे ती उभी असायची तिथे लोक अजून क्षणभर थांबतात.

संध्याकाळी भारती बागेत आयी मंडपम पाहिला आणि या गावातली मला सगळ्यात आवडलेली वास्तू तीच. पांढरीशुभ्र, ग्रीक देवळासारखी, आणि बांधली आहे एका गणिकेसाठी. विजयनगरच्या काळात एक राजा इथून जाताना दिव्यांनी उजळलेलं घर पाहून देऊळ समजला आणि हात जोडले, असं सांगतात. ते आयी नावाच्या गणिकेचं घर निघालं तेव्हा रागावून त्याने ते पाडायचा हुकूम दिला. आयीने विनवलं, मीच पाडते. घर पाडून त्या जागी तिने तळं खोदलं. पुढे तिसऱ्या नेपोलियनच्या काळात त्या तळ्यावरून शहराला पाणी आणलं गेलं, तेव्हा ही कथा ऐकून त्याने तिच्या नावाचं स्मारक उभारायला सांगितलं. राजाचं नाव कथेत फिरतं, सांगणारा बदलला की बदलतं. आयीचं बदलत नाही. फ्रेंच गव्हर्नरच्या जुन्या वाड्यासमोर, बागेच्या ऐन मध्यावर तिचा मंडप आहे.

दिवस तिसरा: मट्टू पोंगल आणि जिंजी

सकाळी सहाला टॅक्सीने निघालो. पुदुच्चेरीचा, म्हणजे पाँडिचेरीचा, मुलूख सलग नाही, तुकड्यातुकड्यांत आहे. तमिळनाडूची पाटी येते, थोड्या वेळाने परत पुदुच्चेरीची. जुन्या नवाबी देणग्या आणि तहांचे हे तुकडे आजवर तसेच राहिले आहेत. तिंडिवनमवरून जिंजी साधारण सत्तर किलोमीटर. वाटेत गावोगाव बैल धुऊन शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा. आपला पोळाच, फक्त जानेवारीतला.

आणि मग सपाट भातशेतीतून एकदम गोलगोल शिळांचे डोंगर. राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी या तीन टेकड्यांना कवेत घेणारा तट. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातला महाराष्ट्राबाहेरचा एकमेव किल्ला हा. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी दक्षिण दिग्विजयात तो घेतला. फ्रान्स्वा मार्टिनने पाँडिचेरीत वखार घालून तेव्हा तीनच वर्षं झाली होती. मुलूख महाराजांच्या हाती आल्यावर मार्टिनने वकील पाठवून तिथे राहायची परवानगी मिळवली. पुढे रायगडाला वेढा पडल्यावर राजाराम महाराज इथे आले आणि सुमारे आठ वर्षं स्वराज्याची राजधानी जिंजीत होती. मोगल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा इतका लांबला की किल्ला हाती आला तो १६९८ मध्ये, महाराज निसटून गेल्यावर.

मावशीचे गुडघे पाहता ती खाली कल्याण महालाच्या सावलीत बसली. मी राजगिरी चढले. उंची सुमारे आठशे फूट, पण पायऱ्या खड्या आणि ऊन जानेवारीतही झोंबरं. माथ्याच्या अलीकडे कडा तुटलेला आहे, मध्ये खोल दरी आणि तिच्यावर एक छोटा पूल. हा पूल काढला की वरचा भाग सुटा. आठ वर्षं हा किल्ला कसा टिकला, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. वर पोचले तेव्हा एक कोल्हापूरचं कुटुंब आधीच बसलं होतं. त्यांच्यातल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाने "जय भवानी" म्हटलं आणि मी "जय शिवाजी" म्हणताना माझा आवाज कापला. त्यांनी दशम्या पुढे केल्या, मी उरलेल्या तिळाच्या वड्या.

(सकाळी लवकर चढायला लागा. दुपारनंतर वर सोडत नाहीत. पाणी दोन लिटर तरी घ्या, वर काही मिळत नाही. माकडं पिशव्या ओढतात, खाणं हातात दिसू देऊ नका. खाली गावात केळीच्या पानावरचं साधं जेवण चांगलं मिळतं.)

उतरल्यावर वेंकटरमण मंदिरात गेलो. मोठं, रिकामं, आणि मंडपात मध्येच खांबांच्या जागा मोकळ्या. १७५० मध्ये बुसी या फ्रेंच सेनानीने एका रात्रीत जिंजी घेतली, त्यानंतरच्या अकरा वर्षांत इथले खांब पाँडिचेरीला गेले. मावशी एका खांबापाशी गेली, खाली बसवलेली नक्षी शोधली आणि बोट फिरवलं. "तीच," म्हणाली. पाँडिचेरीत बुसीच्या नावाचा रस्ता अजून आहे. आम्ही रोज त्यावरून जात होतो.

दिवस चौथा: काणुम पोंगल

हा फिरायला निघायचा दिवस. आसपासच्या खेड्यांतून माणसं समुद्रावर लोटतात. ऑरोविल ही गावाबाहेरची आंतरराष्ट्रीय वसाहत आम्ही मुद्दाम सोडली. तिथल्या मातृमंदिराच्या आत ध्यानाला बसायचं तर काही दिवस आधी नाव नोंदवावं लागतं, आणि नुसता सोनेरी गोल लांबून बघून परतण्यात आम्हाला रस नव्हता.

त्याऐवजी पाट्टींचे धाकटे भाऊ आम्हाला त्यांच्या पेतांक या फ्रेंच खेळाच्या मैदानावर घेऊन गेले. मुरमाची जागा, दहा-बारा म्हातारे, प्रत्येकाच्या हातात लोखंडी गोळे. लाकडाचा छोटा गोळा आधी लांब टाकायचा, मग आपला गोळा त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा. थोडक्यात गोट्याच, पण दोन्ही पाय जमिनीला घट्ट जोडून उभं राहायचं. त्या छोट्या गोळ्याला कोशोने म्हणतात, डुकराचं पिल्लू. हे मावशीने त्यांच्याआधी मला सांगितलं. गुण मोजायचे फ्रेंचमध्ये, भांडायचं तमिळमध्ये. अंतरावरून वाद झाला की खिशातून शिंप्याची टेप निघते. मावशीने एक गोळा टाकला, तो पिल्लाला चिकटून थांबला, आणि सगळ्यांनी टोप्या काढल्या.

निघायच्या आधी पाट्टींनी स्वयंपाकघरातून एक बरणी आणली. आत सुपारीएवढे काळपट गोळे. वडगम. छोटे कांदे, लसूण, उडदाची डाळ, मोहरी, मेथी, जिरं, कढीपत्ता कुटून एरंडेलात मळायचं आणि दिवसेंदिवस उन्हात वाळवायचं. सांडगे करणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं. फ्रेंच स्वयंपाकी याच वस्तूला वादुवाँ म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर केलेली बरणी होती. त्यातले मूठभर गोळे केळीच्या पानात बांधून त्यांनी मावशीच्या हातात दिले आणि काहीतरी म्हणाल्या.

गाडी कालव्यावरून वळली तेव्हा मावशी म्हणाली, "ऐकलंस? चार दिवस मला 'वू' म्हणत होत्या. अहो-जाहो. आत्ता 'त्यू' म्हणाल्या."

काल तिच्या घरी आमटीला तेलात त्यातला अर्धा गोळा टाकला. वास जिन्यापर्यंत गेला, शेजारच्या काकू विचारायला आल्या. बाकीचे गोळे उन्हाळ्यात बघून करायचे म्हणून मावशीने कृती जुन्या फ्रेंचच्या वहीत लिहून ठेवली आहे, फ्रेंचमध्येच.